आठनंतर दहा

माझ्या वहिनीला नऊ म्हणता येत नव्हतं. शाळेत ती गणितात हुशार होती म्हणे, आणि लग्नाआधी सामूहिक शेतावर दुधाच्या बरण्या मोजायची, तेव्हा नऊ म्हणत असेलच. पण आमच्या घरात सून म्हणून आली आणि तो आकडा तिच्या तोंडातून कायमचा गेला. आमच्या वडिलांचं नाव तोगुझबाय, आणि आमच्या भाषेत तोगुझ म्हणजे नऊ. आजीची आधीची आठ मुलं जगली नाहीत, हे नववं जगलं, म्हणून हे नाव. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, नावात दडलेला शब्दही उच्चारायचा नाही, हे आमच्या कोचकोर गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

बाकीच्या सुनांचं काय, कुणाच्या सासऱ्याच्या नावात पोलाद, कुणाच्या सासूच्या नावात रेशीम. रोजच्या बोलण्यात पोलाद येतो किती वेळा? बुरुलवहिनीच्या वाट्याला मात्र आकडा आला. दुकानात जाऊन ती सांगायची, "दहा अंडी दे आणि त्यातलं एक परत घे." तिचा मुलगा एर्मेक नववीत होता ते सगळं वर्ष तो "दहावीच्या अलीकडे" होता. मे महिन्यातली नऊ तारखेची सुट्टी म्हणजे नुसती "म्हाताऱ्या सैनिकांची सुट्टी." मी तिची नणंद, तेव्हा चेष्टेचा मक्ता माझ्याकडेच. मुद्दाम विचारायचे, "वहिनी, आठ आणि एक किती गं?" चहा ओतता ओतता ती म्हणायची, "तुझ्या अकलेपेक्षा एक जास्त."

सुनेनं नवऱ्याच्या धाकट्या भावंडांचीही नावं घ्यायची नसतात, त्यांना आपल्या मनानं नवी नावं द्यायची असतात. माझं नाव जूरा. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझा एसेनगुलदादा या परक्या मुलीच्या मागे वेडा झाला म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसले होते. तिनं माझं नाव ठेवलं हसरी. तेव्हाच सगळ्या गल्लीला कळलं की ही सून दिसते तेवढी गरीब नाही. पुढे माझं लग्न त्याच गल्लीत झालं, चौथ्या घरात, आणि चौपन्न वर्षांची होईपर्यंत मी तिची हसरीच होते.

एसेनगुलदादा खिंडीत बर्फावरून ट्रक घसरून गेला, त्याला आता दहा वर्षं होतील. आई त्याआधीच गेली होती. एर्मेक मॉस्कोत कामाला, बायको-पोरं तिथंच. म्हणजे त्या घरात उरले दोघंच, सासरा आणि सून. वहिनीनं माहेरी जायचं की नाही यावर चार बायका चार गोष्टी बोलल्या. तिनं सकाळी उठून गाईंचं दूध काढलं, बाबांना दुधाचा चहा दिला आणि त्या गोष्टी तिथंच संपल्या.

मग एका शरदात बाबांना लकवा झाला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस सकाळी जोडे घालायला वाकला आणि तसाच आडवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ज्या माणसाच्या आवाजानं शेजारच्या आवारातलं कुत्रं गप्प बसायचं तो आता नुसता "म्म" करायचा. वहिनी त्यांना एकटीनं उचलायची, कुशीवर वळवायची, भिंतीला टेकवून बसवायची. बाबा हाडापेरानं मोठे. आम्ही सगळे म्हणायचो, काय बाई आहे, बैलाचं बळ आहे तिच्यात. आम्हाला कौतुक करायला काय जातं? बाबांना उचलताना एकदाही कुणी उठून त्यांचे पाय धरले नाहीत, आणि त्या "कुणी"मध्ये मी पहिली.

फेब्रुवारीत ती गोठ्यात पडली. दुधाची बादली सांडलेली, गाय तिच्याकडे बघत उभी. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर जिपार म्हणून एक तरुण मुलगी होती, केस कापलेली, बोलायला फटकळ. तिनं सांगितलं की हृदय मोठं झालंय आणि थकलंय, ब्लडप्रेशर तर कित्येक वर्षांचं जुनं आहे, गोळ्या देते, पण गोळ्यांनी निम्मंच काम होईल. बाकीचं निम्मं व्यायामानं. मी शेजारी बसले होते. मला हसू आलं. म्हटलं, डॉक्टर, हिला दोन गाई आहेत, वासरू आहे, बटाट्याचं शेत आहे, पडलेला सासरा आहे, हिला अजून व्यायाम कसला सांगता?

जिपार माझ्याकडे वळली. "काम म्हणजे व्यायाम नव्हे, ताई. काम माणसाला एकाच बाजूनं झिजवतं. यांची कंबर तीस वर्षं पुढे वाकतेय, मागे एकदाही गेलेली नाही. ओझी उचलताना या श्वास धरून ठेवतात. यांना सगळं थोडं थोडं लागेल, थोडं बळाचं, थोडं दमाचं, थोडं ताण देण्याचं, थोडं तोल सांभाळण्याचं. आणि आठवड्यातला एक दिवस काहीच नाही."

मग तिनं वहिनीचा हात हातात घेतला. "रोज तासभर चालायचं. एकटीनं, बाहेर, हातात काही न घेता. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गोळी चुकली तर मी रागवीन. चालणं चुकलं तर रागवायला तुम्ही उरणार नाही. आणि सासऱ्यांना एकटीनं उचलायचं आजपासून बंद."

वहिनी म्हणाली, बरं. आयुष्यभर तिनं लोकांना हाच शब्द दिला.

घरी आल्यावर तिनं खरंच सगळं मांडलं. स्वतःच्या अंगाचा असा विचार तिनं कधी केला नसेल, त्यामुळे नव्या नवरीसारखी लाजत होती. लोणच्याच्या दोन बाटल्या वाळूनं भरल्या, सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या उचलायच्या. मंगळवारी आणि गुरुवारी लोकरीच्या नमद्यावर पडून पाय ताणायचे, कंबर मागे न्यायची. केटली उकळेपर्यंत कपाटाला बोट लावून एका पायावर उभं राहायचं. आधी दहा मोजेपर्यंत, मग वीस. रविवारी सुट्टी. आणि चालणं रोज दुपारी, तेवढा तास मी येऊन बाबांपाशी बसायचं. ते तिनं माझ्याकडे मागितलं आणि मी हो म्हटलं. मार्चमध्ये मला काय काम असतं?

चालण्याची मात्र पंचाईत झाली. आमच्याकडे बाई काम नसताना रस्त्यावर दिसली की दहा जण विचारणार, कुठे निघालीस, कोण आजारी आहे? पहिल्या दिवशी तिनं सोबतीला रिकामी बादली घेतली, तर समोरून येणारा म्हातारा अपशकून झाला म्हणून गाढवासकट मागे फिरला. मग तिनं दोरी घेतली. कुणी विचारलं की सांगायची, वासरू सुटलंय, शोधतेय. लोक बिचारे चांगले. तिसऱ्या दिवशी अर्धी गल्ली वासरू शोधायला निघाली, आणि पाचव्या दिवशी नदीपलीकडचा एक जण खरंच एक वासरू घेऊन दारात उभा राहिला, तुमचंच आहे म्हणून. तेव्हा कुठे तिनं सांगून टाकलं की डॉक्टरनं चालायला लावलंय. महिनाभर बायकांनी तिला "ए खेळाडू" म्हणून हाक मारली. तिला ते आवडलं असावं. पॉपलरच्या झाडांच्या रांगेतून नदीपर्यंत जायची आणि परत येऊन मला सांगायची की अमक्याच्या घराला निळा रंग दिलाय, तमक्यानं कुंपण हलवलंय. मला ते कधीचं ठाऊक होतं. अडतीस वर्षं त्या गावात राहून तिनं गाव तेव्हा पाहिलं.

एप्रिलमध्ये जिपारनं तपासलं तेव्हा ब्लडप्रेशर उतरलं होतं. पायांवरची सूज गेली होती. "असंच चालू द्या," ती म्हणाली, "आणि चालणं सोडू नका."

बाबांचं त्याच सुमाराला सुरू झालं. वहिनी सकाळी त्यांच्या खोलीतच व्यायाम करायची, कारण स्टोव्हची ऊब तिथं. बाबा पडल्या पडल्या बघत राहायचे. एक दिवस ती पाय उचलायला लागली आणि यांनीही डावा पाय उचलला. तिनं पाहिलं आणि मोजत राहिली. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. मग ती यांच्याकडे तोंड करून बसायला लागली आणि मोठ्यानं मोजायला लागली, एक, दोन, तीन. बाबांच्या तोंडातून पहिला शब्द आला तो "तीन." माझं नाव नाही, मेलेल्या आईचं नाव नाही, देवाचंही नाव नाही, तर तीन. वहिनी चार म्हणायचं विसरून रडायला लागली.

लकव्यात माणसाच्या डोक्यातून काय काय सांडतं ते कळत नाही. बाबांच्या डोक्यातून आकडे सगळे सांडले होते, ते त्यांनी सुनेकडून पुन्हा शिकून घेतले. आता ती मोजायची कशी, तर आठपर्यंत स्वच्छ, मग ओठ मिटायचे, मान जराशी खाली, जशी सून थोरांपुढे लववते तशी, आणि मग दहा. पाय नवव्यांदा उचलला जायचा, पण मुक्यानं. बाबाही तसंच करायचे. दोघं आठ म्हणायचे, दोघं ओठ मिटायचे, दोघं दहा म्हणायचे. मी दारातून बघून हसायचे. जिपार एकदा घरी आली तेव्हा तिनं बाबांना मोजायला लावलं आणि कागदावर लिहिलं की रोग्याला अजून एक आकडा आठवत नाही. मी तिला बाहेर नेऊन समजावलं तेव्हा ती म्हणाली, मग तो आकडा तुम्ही शिकवा, तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला तर बंदी नाही. मी म्हटलं, शिकवीन.

मे संपला. चराईचे दिवस आले, दुपारचं ऊन चढायला लागलं. भर उन्हात चालून वहिनीला धाप लागायची, म्हणून ती म्हणाली, "हसरी, मी सकाळीच जाऊन येते. तेवढ्यात बाबांचं मोजणं तू घेशील?" तोवर मी नुसती बसायचे, चहा द्यायचे, उशी सरकवायचे. मोजणं माझ्याकडे पहिल्यांदाच आलं. खरं सांगते, मला आनंद झाला. बाप माझा होता. त्याचा हात धरून मोजावं, त्यानं माझ्यामागे बोलावं, असं मला किती दिवसांपासून वाटत होतं. सगळी गल्ली म्हणायची की तोगुझबायला सुनेनं उठवलं. मुलगी चौथ्या घरात राहते हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

पहिल्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसले, पाय उचलला, मोजायला लागले. ते मोजत होते. पाच, सहा, सात, आठ. मी खणखणीत म्हटलं, "तोगुझ." बाबांनी पाय खाली टाकला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही चोरून नेत होते, आणि तोंड भिंतीकडे केलं. मी खूप विनवलं. फिरले नाहीत. वहिनी परत आली, तिनं हाक मारली आणि ते वळले, मोजलं, चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी आधी सरबराई केली, क्रीम लावून पाव भरवला, हळू आवाजात सुरुवात केली. सगळं नीट चाललं होतं, आणि पुन्हा शेवटाकडे येऊन त्यांनी तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं चहाचा प्याला माझ्या अंगावर फेकला. चहा गरम नव्हता. पण मी चौपन्न वर्षांची बाई, नातवंडं असलेली, बापानं प्याला फेकलेली, ओल्या कुडत्यानं भर गल्लीतून घरी गेले.

माझ्या मनानं घेतलं की यांना मी नकोच आहे. यांना ती हवी. तिच्या आवाजाशिवाय, तिच्या हाताशिवाय यांना काही गोड लागत नाही. पोटच्या पोरीपेक्षा सून बरी. हे मनात आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

पाचव्या दिवशी मी गेले नाही. वहिनी माझ्या दारात आली, डोक्याचा रुमाल नीट करत. म्हणाली, बाबांचं डोकं ताळ्यावर नाही, तू मनावर घेऊ नकोस. मी बटाटे सोलत होते, वर पाहिलं नाही.

"फक्त एक तास, हसरी," ती म्हणाली. "मोजू नकोस हवं तर. नुसती बस."

"तुझे सासरे, तू सांभाळ. माझ्या हातचा चहासुद्धा कडू लागतो त्यांना. दुसऱ्यांदा प्याला खायला मी यायची नाही."

"बरं," ती म्हणाली.

तेव्हाच तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या, डॉक्टरनं काय सांगितलंय त्याची आठवण करून दिली असती, तर मी कदाचित गेले असते. नाही, खोटं कशाला बोलू, कदाचित नसते गेले. राग आला की मला माझंच खरं वाटतं. डॉक्टरचे शब्द मला ठाऊक होते. तिथं खुर्चीवर मीच तर बसले होते. पण ब्लडप्रेशर उतरलंय, सूज गेलीय, मग एवढं काय, असं मी स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी जाऊ, आठवड्यानं जाऊ, त्यांना आधी बोलावू दे.

बाबांना एकटं ठेवून बाहेर जाणं तिला जमेना, कारण एकदा ती नसताना ते उठायला गेले आणि स्टोव्हपाशी पडले. मग ती आवारातच गवताच्या गंजीभोवती फेऱ्या मारायला लागली, दार उघडं ठेवून. माझ्या कुंपणावरून तिचा रुमाल दिसायचा, गंजीच्या आड जाऊन पुन्हा बाहेर यायचा. बारा फेऱ्या ठरवल्या होत्या, म्हणे. चौथीला आतून हाक आली की फेऱ्या संपल्या. पुढे पुढे रुमाल दिसेनासा झाला.

मग रविवारची सुट्टी गेली. बाबांना वार कळत नव्हते, ते सकाळ झाली की पाय उचलून वाट बघायचे. बाटल्यांचे दिवस गेले, कारण आता ती बाबांनाच उचलत होती, बसवत होती, उभं करत होती, तिचा एक खांदा त्यांच्या बगलेत. तिचा व्यायाम कधी त्यांचा झाला ते कुणालाच कळलं नाही. ऑगस्टमध्ये जिपारनं पाहिलं आणि तिला चांगलंच झापलं म्हणे. हा तुमचा व्यायाम नाही, त्यांचा आहे, तुमचं चालणं कुठे गेलं? वहिनीनं माझं नाव सांगितलं नाही. तसंही ती माझं नाव घेत नव्हतीच. तिनं सांगितलं, बटाटे निघाले की पुन्हा सुरू करते.

बाबा मात्र सुधारत गेले. सप्टेंबरात काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. मी कुंपणावरून पाहिलं. आवारात ऊन होतं, ते काठीवर वाकलेले, वहिनी दोन पावलं मागे, हात पसरून, लहान पोराला धरतात तशी. मला त्यांच्याकडे धावत जावंसं वाटलं आणि गेले नाही. इतके महिने गेले नव्हते, आता कुठल्या तोंडानं जाणार?

बटाटे निघाले. शेवटची पोती घरात आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बुरुलवहिनी ओट्यावर बसली, जोडे घातले, एका जोड्याचा बंद बांधला आणि दुसरा बांधला नाही. आतून बाबा मोजत होते. ती का येत नाही म्हणून ते काठी घेऊन स्वतःच चालत दारापर्यंत आले. कुणाचाही हात न धरता, पहिल्यांदा. हे मला शेजारणीनं सांगितलं, तिनं त्यांची ओरड ऐकली. मी पोचले तोवर ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते आणि तिचा पाय धरून वर उचलत होते.

आवारात लोकरीचा तंबू उभा केला, तिला आत ठेवलं, बायका आत बसून विलाप करायला लागल्या. एर्मेक विमानानं येऊन पोचला. आमच्याकडे पुरुष तंबूच्या बाहेर काठीवर वाकून उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी मोठ्यानं रडतात. बाबांना कुणी तिथं उभं राहायला सांगितलं नव्हतं. गावच्या थोरांनी खुर्ची आणून दिली, बसा म्हणाले, तुमची तब्येत बघा. ते बसले नाहीत. एर्मेकच्या शेजारी, तिनं उभ्या केलेल्या पायांवर, दोन दिवस उभे राहिले. त्यांना शब्द थोडेच येत होते, तेवढ्यातच ते रडले, "माझी मुलगी, माझी मुलगी." मी तंबूच्या आत, तिच्या पायापाशी, ते ऐकत होते. तिच्यासाठी म्हणत होते. मी तोंडावर रुमाल ओढून घेतला, आणि बायकांना वाटलं मी नुसती वहिनीसाठी रडतेय.

चाळीस दिवस झाल्यावर जेवण घातलं आणि एर्मेक गेला. जाताना तो म्हणाला, आत्या, आजोबांना मॉस्कोला नेता येणार नाही. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आहे. मी आहे हे मी आता म्हणत होते.

त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी जाग आली तर बाबा आपल्या गादीवर पाय वर धरून वाट बघत होते. पाय कापत होता. मी समोर जाऊन बसले. एक, दोन. त्यांचा आवाज आता बराच स्पष्ट झाला होता. सात, आठ. मी म्हटलं, "तोगुझ."

पाय खाली आला. तोंड भिंतीकडे वळलं.

या वेळी मला राग आला नाही. राग येऊन जायचं कुठे, आणि मागे घरात सांभाळायला होतं तरी कोण? मी जागची न हलता विचारलं, "बाबा, माझं काय चुकलं?"

ते शब्द जुळवत राहिले. तोंडाची उजवी बाजू अजून ओढत होती. भिंतीकडे बघतच म्हणाले, "बापाला... तोंडावर... नावानं कोण हाक मारतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बुरुलवहिनीनं शिकवलेल्या मोजण्यात तो आकडा नव्हताच. त्यांच्या डोक्यात आठनंतर गप्प राहायचं होतं आणि मग दहा. तोगुझ हा शब्द त्यांच्यापाशी एकाच अर्थानं उरला होता, त्यांचं स्वतःचं नाव म्हणून. फक्त त्यांचे सोबती त्यांना तोगुझ म्हणायचे, घोडीच्या दुधाचं कुमीस पिताना, घोड्यावरून. आणि लंगड्या झालेल्या बापासमोर बसून त्याची पोर एक, दोन, तीन मोजता मोजता मध्येच त्याला नावानं हाक मारत होती, एखाद्या गुराख्याला मारावी तशी. चार सकाळी. चौथ्या सकाळी प्याला फेकला नसता तरच नवल.

वहिनी त्या वेळी नदीवर चालत असायची. तिनं मला मोजताना कधी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर तिच्या लगेच लक्षात आलं असतं, कारण त्या एका शब्दाभोवती वळसा घालत ती जन्मभर जगली. मी जिला हसले ती गोष्ट मी एकदा तिच्यासारखी केली असती, एक आकडा गिळला असता, तर बाबा माझ्यासोबत मोजत राहिले असते आणि ती पॉपलरच्या रांगेतून चालत राहिली असती. कदाचित तरीही गेली असती. जिपारला मी विचारलं नाही. ती खरं सांगेल म्हणून विचारलं नाही.

बाबा हळूहळू माझ्याकडे वळले. राग उतरला होता. म्हातारा माणूस, मुलगी समोर बसलेली, ते तरी किती धरून ठेवणार? माझ्या हातावर त्यांनी डावा हात ठेवला.

"उन्हाळ्यात," ते म्हणाले, "तू... येईनाशी का झालीस? बुरुलला... चालायला जाता येईना. मी रोज... दाराकडे बघायचो."

मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं असतं तर माझ्यावरचं निम्मं ओझं त्यांच्यावर गेलं असतं, आणि आता त्यांच्यात तेवढं बळ होतं, तिनंच दिलेलं. पण मग त्यांना कळलं असतं की तिचा तो तास त्यांच्या नावापायी गेला.

"गाई होत्या बाबा," मी म्हटलं. "चराईचे दिवस होते. वेळच झाला नाही."

त्यांनी मान हलवली, आणि पाय पुन्हा उचलला.